जेईई मेन की एमएचटी-सीईटी: बारावीचे तास कुठे घालायचे?

महाराष्ट्रात राहून इंजिनिअरिंगला जायचं असेल तर देशपातळीवरची जेईई मेन आणि राज्याची एमएचटी-सीईटी, या दोन्ही प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरा. त्यात डोकं शिणवण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. बारावीच्या जूनपासून जानेवारीपर्यंत हाताशी जे तास उरतात, ते कोणत्या परीक्षेच्या पद्धतीने घालवायचे? ‘दोन्ही देऊ, जिथे लागेल तिथे लागेल’ हे उत्तर घराघरांत ऐकू येतं. त्याने जेईईतही अर्धवट आणि सीईटीतही मागे, अशी गत होते. दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा एक असला तरी पेपर सोडवण्याची सवय एक नाही.

आधी कॉलेजं लिहा, मग परीक्षा

एका कागदावर दहा-बारा कॉलेजांची नावं लिहा. स्वप्नातली तीन, जमतील अशी पाच-सहा, आणि काहीच झालं नाही तरी आनंदाने जाल अशी दोन-तीन. प्रत्येकापुढे तिथे जायचा दरवाजा लिहा.

आयआयटी मुंबईचा दरवाजा जेईई ॲडव्हान्स्ड. तिथवर पोचायला जेईई मेनमध्ये पहिल्या अडीच लाखांत यावं लागतं. नागपूरचं व्हीएनआयटी (राज्यातलं एनआयटी), नागपूर आणि पुण्याच्या ट्रिपल आयटी (आयआयआयटी) इथल्या जागा जेईई मेनच्या रँकवर, जोसा या केंद्राच्या प्रवेश प्रक्रियेमार्फत भरतात. यात एक बारकावा आहे. व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रात बारावी केलेल्यांसाठी असतात, ट्रिपल आयटींत असा गृहराज्य कोटा नाही. त्यामुळे पुण्यात घर असलं म्हणून पुण्याची ट्रिपल आयटी सोपी होत नाही.

सीओईपी, व्हीजेटीआय, एसपीआयटी, पीआयसीटी, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस ही सगळी राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांत येतात आणि महाराष्ट्राच्या उमेदवाराला तिथे मुख्यतः सीईटीचं पर्सेंटाइल लागतं. मुंबईच्या आयसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ७० टक्के जागा सीईटीवर आणि ३० टक्के जेईई मेनवर. कॅपमधल्या १५ टक्के अखिल भारतीय जागाही जेईई मेनच्या गुणवत्तेवर भरतात आणि महाराष्ट्राचा विद्यार्थीही त्यांवर हक्क सांगू शकतो. जेईई बऱ्यापैकी गेली पण सीईटीचा दिवस बिघडला, अशा मुलाला हाच मागचा दरवाजा उपयोगी पडतो. गोव्याचं बिट्स मात्र बिटसॅट या त्यांच्याच परीक्षेवर, आणि तिथे बारावीच्या पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) एकूण ७५ टक्के व प्रत्येक विषयात ६० टक्के ही अटही आहे.

कागद भरून झाला की मोजा. बारापैकी नऊ नावांपुढे ‘सीईटी’ असेल आणि क्लासची फी मात्र जेईईच्या बॅचची भरली असेल, तर गडबड कुठे आहे ते तिथेच दिसतं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. दहावी-बारावी इंदूर, सुरत किंवा बंगळुरूला झाली असली, तरी विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांपैकी कुणाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल (अधिवास) असेल तर कॅपमध्ये ‘टाइप बी’ म्हणून राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो. बेळगावसह महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ आहे. हे माहीत नसल्याने अनेक जण अखिल भारतीय उमेदवार म्हणून फॉर्म भरून बसतात.

दोन पेपर, दोन घड्याळं

जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, तीन तास, ३०० गुण. प्रत्येक विषयाचे २५ प्रश्न: २० पर्यायी आणि ५ संख्यात्मक उत्तराचे. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. २०२५ पासून संख्यात्मक प्रश्नांतला ‘दहापैकी पाच सोडवा’ हा पर्याय गेला. त्या प्रश्नांनाही उणे गुण आहेत. तीन तास विषयांत कसे वाटायचे ते तुमच्या हातात.

सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न, २०० गुण. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. नंतरच्या ९० मिनिटांत मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. उणे गुण नाहीत. पहिल्या भागातला उरलेला वेळ मॅथ्सला वळवता येत नाही.

आता भागाकार करा. जेईईत एका प्रश्नाला सरासरी १४४ सेकंद. सीईटीच्या मॅथ्सला १०८. फिजिक्स-केमिस्ट्रीला ५४. चोपन्न सेकंदांत प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडेमोड करायची आणि क्लिक करायचं. जेईईची तयारी केलेली हुशार मुलं सीईटीत अडकतात ती इथे. त्यांना प्रश्न पहिल्या तत्त्वापासून सोडवायची सवय लागलेली असते. ती सवय चांगलीच आहे, पण सीईटीत लेन्सच्या एका गणितावर तीन मिनिटं गेली म्हणजे दुसरे दोन प्रश्न न वाचताच सोडून दिले. उलट फक्त सीईटीचा सराव केलेला मुलगा जेईईत बसला की दोन प्रकरणं एकत्र गुंफलेला प्रश्न पाहून थबकतो.

अंदाजाने उत्तर देण्याचं गणितही वेगळं आहे आणि त्याबद्दल गैरसमज फार. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मॅथ्सचे १२ प्रश्न राहिले आणि शेवटच्या मिनिटात सगळ्यांना एकच पर्याय लावला, तर सरासरीने ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. जेईईच्या पर्यायी प्रश्नात निव्वळ तुक्का मारला तर चारांत एकदा +४ आणि तीनदा −१, म्हणजे सरासरी पाव गुण फायदा. वीस तुक्क्यांना सरासरी ५ गुण. पण एखाद्या दिवशी तेच −५ होतील आणि एखाद्या दिवशी +१५. एक पर्याय नक्की चूक म्हणून काढता आला तर फायदा प्रश्नामागे दोन तृतीयांश गुण होतो, आणि तेव्हा उत्तर द्यावंच. संख्यात्मक प्रश्नात मात्र तुक्का म्हणजे हमखास तोटा.

मुलांना खरा फटका बसतो तो तुक्क्याने नाही, ‘येतंय असं वाटलं’ या प्रश्नांनी. जेईईत ४८ प्रश्न सोडवले, ३० बरोबर, १८ चूक: १२० वजा १८, म्हणजे १०२. दुसऱ्याने ३४ सोडवले, २८ बरोबर, ६ चूक: १०६. चौदा प्रश्न कमी सोडवून तो चार गुण पुढे.

घरचा तपास: दोन पेपर, एक वही

बारावीच्या दिवाळीत, निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम झाला की हा तपास करा. त्याआधी केलात तर न शिकवलेल्या प्रकरणांमुळे आकडे फसवे येतात.

एका रविवारी सकाळी ९ ला जेईई मेनचा मागच्या दोन वर्षांतला कोणताही एक पूर्ण पेपर, सलग तीन तास, स्क्रीनवर. छापील पेपर नको, कारण स्क्रीनवरचा प्रश्न रफ कागदावर उतरवून घेण्यात जाणारा वेळही मोजला गेला पाहिजे. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. चार-पाच दिवसांनी सीईटीचा पूर्ण पेपर. ९० मिनिटं झाली की पहिला भाग बंद, परत उघडायचा नाही.

वहीत प्रत्येक न आलेल्या किंवा चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं. ‘वे’ म्हणजे येत होतं पण वेळ संपला. ‘घा’ म्हणजे घाईत चूक: चिन्ह, एकक, चुकीचं वाचन. ‘शि’ म्हणजे ते प्रकरण अजून शिकवलेलंच नाही. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वेगळे मोजा, नाहीतर स्वतःचीच फसवणूक होते.

‘शि’ बाजूला ठेवून उरलेल्यांकडे बघा. जेईईच्या पेपरात ‘न’ भरपूर आणि सीईटीत ‘वे’ भरपूर असतील तर पाया सीईटीपुरता आहे, फक्त वेग हवा. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि अशा मुलाला सहा महिन्यांत जेईईची खोली गाठण्यापेक्षा सीईटीचा वेग गाठणं कितीतरी सोपं जातं. जेईईत ‘न’ कमी आणि ‘घा’ जास्त असतील तर जेईईवर जोर देण्यात अर्थ आहे, चुका कमी करता येतात. दोन्ही पेपरांत ‘न’ चा ढीग असेल तर परीक्षेची निवड हा प्रश्नच नाही. तेव्हा पाठ्यपुस्तक आणि बोर्ड. जेईईत ५० हून जास्त प्रश्न सोडवून बरोबर साठ टक्क्यांच्या खाली असतील, तर जानेवारीपर्यंत नवीन काही शिकण्याऐवजी प्रश्न सोडून देण्याचा सराव करा.

अभ्यासक्रमातले खड्डे

‘जेईई केली की सीईटी आपोआप होते’ हे वाक्य २०२४ पासून जास्तच खोटं ठरलं आहे. त्या वर्षी जेईई मेनच्या अभ्यासक्रमाला कात्री लागली आणि जे गेलं त्यातलं बरंच राज्याच्या बारावीत आहे. केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट आणि पॉलिमर जेईईतून गेले, सीईटीत आहेत. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री हे प्रकरण तर राज्याच्या पुस्तकातच भेटतं. मॅथ्समध्ये मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रॅमिंग, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि ‘लाइन अँड प्लेन’ मधला प्लेनचा भाग, हे जेईईवाल्याच्या वहीत बहुतेक नसतात. यातली बरीच प्रकरणं सोपी आहेत आणि मॅथ्सचा प्रश्न २ गुणांचा. ही सगळी मिळून आठ-दहा दिवसांचं काम आहे. एप्रिलची जेईई झाल्यावर पहिला हात यांनाच घाला.

सीईटीत अकरावीचं वजन २० टक्के, बारावीचं ८०. अकरावीची सगळी प्रकरणं नसतात. फिजिक्समध्ये मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टर्स एवढीच. यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते; क्लासच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

सीबीएसईच्या मुलांनी इथे जास्त सावध राहावं. त्यांच्या अकरावीच्या पुस्तकातलं रोटेशनल मोशन, फ्लुइड्स, ऑसिलेशन्स, कायनेटिक थिअरी आणि थर्मोडायनॅमिक्स राज्य मंडळात बारावीला आहे. म्हणजे ‘अकरावीचं वीसच टक्के’ असं समजून त्यांनी जे मागे टाकलं, ते सीईटीच्या ऐंशी टक्क्यांत बसलेलं असतं. राज्याची बारावीची पुस्तकं विकत घ्या किंवा बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, आणि अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवून फरक पेन्सिलने खुणा.

भाषेचा पर्याय फॉर्म भरतानाच ठरवावा लागतो. जेईई मेन मराठीतही देता येते. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, पण मॅथ्स इंग्रजीतच. मातृभाषेचा अभिमान कितीही असला, तरी अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला ऐन परीक्षेत ‘जडत्व आघूर्ण’ म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया हे आठवायला लागणारे पाच सेकंद महाग पडतात. ज्या भाषेत शिकलात त्याच भाषेत द्या.

पर्सेंटाइल एकमेकांशी तोलू नका

‘जेईईत ९३ आणि सीईटीत ९६, म्हणजे सीईटी चांगली गेली’ ही तुलना चूक आहे. पर्सेंटाइल सांगतं की बसलेल्यांपैकी किती टक्के तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत. बसलेले किती आणि कोण, ते दोन्हीकडे वेगळं. २०२५ मध्ये जेईई मेनला पावणेपंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसले, सीईटीच्या पीसीएम गटाला सव्वाचार लाखांच्या आत-बाहेर. म्हणून जेईईचं एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे १४,७५० मुलं आणि सीईटीचं एक म्हणजे सुमारे ४,२००.

१०० मधून आपलं पर्सेंटाइल वजा करा आणि या आकड्याने गुणा. जेईईत ९७.४ असेल तर २.६ गुणिले १४,७५०, म्हणजे ३८ हजारांच्या पुढची रँक. ती घेऊन जोसाच्या मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा क्लोजिंग रँक (जिथे जागा संपल्या ती रँक) बघा, व्हीएनआयटीसाठी गृहराज्याच्या रकान्यात. सीईटीत ९६.५ असेल तर ३.५ गुणिले ४,२००, म्हणजे १४,७०० च्या आसपास. मग कॅपची कट-ऑफ यादी उघडा. त्या याद्यांत GOPENS सारखे कोड दिसतात. ‘G’ म्हणजे सर्वसाधारण, ‘L’ म्हणजे मुलींसाठीची जागा, मधला भाग प्रवर्ग. शेवटी ‘H’ असेल तर गृह विद्यापीठ, ‘O’ असेल तर इतर विद्यापीठ, ‘S’ असेल तर राज्य पातळी. आपला कोड सोडून भलत्याच रकान्याचा आकडा बघून खूश किंवा निराश होणारे पालक दरवर्षी भेटतात.

दाखले दोन प्रकारचे

राज्यात एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) असलेला विद्यार्थी जोसात त्या प्रवर्गात नसतो, कारण केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. तो तिथे खुला, किंवा उत्पन्न-मालमत्तेच्या अटी बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). ओबीसी आणि व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) वाल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला वेगळा काढावा. जोसाला तो प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर दिलेला लागतो. राज्याला मात्र जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि नॉन-क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. बारावीच्या मे महिन्यात समितीच्या दारात उभं राहणं म्हणजे परीक्षेपेक्षा मोठी परीक्षा.

नावाचंही बघा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेक नाव आधी. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. जेईईचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा आणि आधारमधली दुरुस्ती फॉर्म निघण्याआधी करून घ्या.

तारखांप्रमाणे निर्णय

जून ते दिवाळी: काहीही ठरवलं असलं तरी अभ्यास जेईईच्या खोलीने, पुस्तक बोर्डाचं. या काळात दोन्ही परीक्षांचा रस्ता एकच असतो. आठवड्यातून एकदा ५४ सेकंदांच्या हिशेबाने २० प्रश्नांचा फटाफट सराव एवढीच सीईटीची वेगळी तयारी पुरते.

दिवाळी ते जानेवारी: वर सांगितलेला तपास. वहीने जेईई म्हटलं तर जानेवारीच्या सत्रावर पूर्ण जोर. नाही म्हटलं तरी जानेवारीचं सत्र द्याच. खऱ्या केंद्रावरचा तो एकमेव सराव असतो.

फेब्रुवारी-मार्च: जेईईचा निकाल आणि बोर्ड एकावर एक येतात. वर दाखवलेल्या गुणाकाराने रँक काढा. यादीतल्या जेईईच्या कॉलेजांच्या क्लोजिंग रँकपेक्षा ती थोडीच मागे असेल तर एप्रिलचं सत्र जोमाने द्या, दोन सत्रांतलं चांगलं पर्सेंटाइल धरतात. दुप्पट-तिप्पट मागे असेल तर एप्रिलची जेईई सहज देऊन यावी आणि तास सीईटीला द्यावेत. बोर्ड मात्र कुणीच सोडू नये. जोसातून एनआयटी किंवा ट्रिपल आयटी घ्यायची तर बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. कॅपला पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राज्यातल्या आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात नाव घालून बोर्डाकडे पाठ फिरवलेल्या मुलांची रँक येते आणि जागा जाते, ती या ७५ मुळे.

एप्रिल-मे: फक्त सीईटी. दिवसाआड एक पूर्ण पेपर, मधल्या दिवशी त्याचीच वही. २०२६ च्या प्रवेशासाठी सीईटी दोनदा जाहीर झाली: एप्रिलची सक्तीची, मेची ऐच्छिक. दुसरी संधी आहे म्हणून पहिली हलक्यात घेऊ नका.

कॅपचा अर्ज भरताना सीईटीबरोबर जेईई मेनचा तपशीलही भरा. तो राहिला तर अखिल भारतीय जागांसाठी जेईईचा फायदा मिळत नाही, आणि हे बहुतेकांना यादी लागल्यावर कळतं. प्रवेश कॅपमधूनच घेण्याला पैशाचंही कारण आहे. ट्यूशन फी माफीच्या जागा आणि २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना मिळणारी शुल्कमाफी मॅनेजमेंट कोट्यात मिळत नाही.

पसंतीक्रम भरताना २०२५ चा नियम लक्षात ठेवा. चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागायचं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. अशा जागेला नकार दिला की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘मिळेल की नाही’ हा विचार करून क्रम लावू नका. जे कॉलेज खरंच सर्वांत आधी हवं ते कट-ऑफ कितीही वर असलं तरी पहिलं लिहा, आणि जे मिळालं तर चेहरा पडेल ते पहिल्या सहांत येऊ देऊ नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की हे आकडे बदललेत का, ते फॉर्म लॉक करण्याआधी पाहून घ्या.